दौऱ्यावर हॉटेलमुळे रात्र वाया गेली, तर बोलायचं कधी, कोणाशी आणि काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन रात्रींचा कामाचा दौरा. बुकिंग कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने केलेलं, हॉटेल चार तारांकित. पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले. खोली लिफ्टला लागून, बाथरूममध्ये गटाराचा वास, एसी कमी-जास्त होईना आणि रात्रभर दारांची आदळआपट. दुसऱ्या दिवशीचं प्रेझेंटेशन डोळ्यांवर झापड घेऊनच उरकावं लागलं. रिसेप्शनवर सांगितलं ते चेक-आउटच्या वेळी, तेव्हा "नोंद घेतो" एवढंच उत्तर मिळालं. कंपनीचं म्हणणं, पैसे देऊन झाले, विषय संपला. आता काही करता येईल का, आणि पुढच्या वेळी काय करावं?

मी बराच काळ हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये, त्यातही रात्रपाळीचा ड्युटी मॅनेजर म्हणून काम केलं आहे. आता कंपन्यांच्या प्रवासाची व्यवस्था पाहतो. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे प्रकरण मला दिसतं आणि मनापासून सांगतो, तुमचा राग रास्त आहे. फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्या. सुट्टीवर गेलेला माणूस स्वतःचे पैसे घालतो, म्हणून हॉटेलने बिलात सूट दिली की त्याची थोडीफार भरपाई होते. कामाच्या दौऱ्यात पैसे कंपनीचे जातात आणि झोप तुमची. बिल कमी झालं तरी तुमच्या हाती काही येत नाही, गेलेली रात्र तर येतच नाही. म्हणून दौऱ्यावर असताना पैशांची भाषा नंतर करायची. त्या रात्री मागायची ती झोपण्यालायक खोली, आणि तीही बॅग उघडण्याआधी.

तुम्हाला लिफ्टजवळचीच खोली का मिळाली, ते सांगतो. कोणाला कोणती खोली द्यायची हे बुकिंगच्या वेळी क्वचितच ठरतं. बुकिंग होतं ते खोलीच्या प्रकाराचं. प्रत्यक्ष नंबर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी, सकाळी किंवा दुपारी, फ्रंट ऑफिस टाकतं. नेहमीचे पाहुणे, हॉटेलच्या सदस्य योजनेतले, जास्त दिवस राहणारे, ज्यांनी आधी काही खास सांगून ठेवलं आहे ते, अशांच्या खोल्या आधी लागतात. त्रयस्थ वेबसाइटवरून आलेल्या बुकिंगवर हॉटेलला साधारण १५ ते २५ टक्के कमिशन मोजावं लागतं, त्यामुळे ते पाहुणे सहसा या यादीत वर नसतात. एक-दोन रात्रींसाठी येणारा, काही न कळवलेला आणि उशिरा पोहोचणारा कंपनीचा माणूस शेवटी उरतो. त्याच्यासोबत उरतात त्या खोल्या.

या खोल्या कोणत्या, हे हॉटेलातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. लिफ्टच्या भिंतीला भिंत लागलेली. किचनच्या एक्झॉस्टवर उघडणारी. बँक्वेट हॉलच्या बरोबर वरची. हाउसकीपिंगच्या पँट्रीशेजारची, जिथे पहाटेच ट्रॉल्यांची खडखड सुरू होते. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली, जिथे पलीकडच्या माणसाचा फोन जवळपास शब्दशः ऐकू येतो. यांत बिघाड काहीच नसतो, म्हणून त्या 'आउट ऑफ ऑर्डर' दाखवता येत नाहीत. त्या फक्त सगळ्यात शेवटी दिल्या जातात. त्यात हॉटेलं नो-शो, म्हणजे बुकिंग करूनही न येणारे पाहुणे, गृहीत धरून क्षमतेपेक्षा थोडी जास्त बुकिंग घेतात. सगळेच आले की उशिरा येणाऱ्यापुढे पर्यायच उरत नाही. क्वचित त्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवायची वेळही येते.

यावर सगळ्यात स्वस्त आणि हमखास उपाय म्हणजे पोहोचायच्या दिवशी दुपारी हॉटेलला थेट फोन करणं. ट्रॅव्हल डेस्कला नाही, वेबसाइटच्या कॉल सेंटरला नाही, थेट रिसेप्शनला. "चांगली खोली द्या" म्हणून उपयोग नाही, कारण त्यावर कोणी काही करू शकत नाही. असं सांगा: "मी रात्री साडेदहापर्यंत पोहोचतोय, खोली सोडून देऊ नका. लिफ्ट आणि पँट्रीपासून लांब, मधलं दार नसलेली खोली आत्ताच ब्लॉक करून ठेवा, आणि हे बुकिंगच्या रिमार्कमध्ये लिहा." अशी नेमकी मागणी स्क्रीनवर दिसते आणि ती डावलायची तर रिसेप्शनिस्टला कारण द्यावं लागतं. मी स्वतः ड्युटीवर असताना रिमार्क नसलेला पाहुणा आणि रिमार्क असलेला पाहुणा यांच्या खोल्यांमध्ये किती फरक पडतो, हे रोज पाहिलं आहे.

आता तुमच्या तीन तक्रारी, एकेक करून. यांतल्या एकीवर उपाय तुमच्याच हातात होता, एकीवर कदाचित कोणाच्याच हातात नव्हता, आणि तिसरीवर खोली बदलणं एवढाच उपाय होता. हा फरक ओळखता आला की रात्री अकरा वाजता कशासाठी भांडायचं आणि कशासाठी नाही, ते कळतं.

बाथरूममधला वास. गटाराचा वास आला की आपल्याला वाटतं, खोली घाण आहे. बहुतेक वेळा ती घाण नसते, बरेच दिवस रिकामी असते. जमिनीतल्या जाळीखाली, बेसिनखाली, शॉवरखाली पाइपला एक वळण असतं आणि त्यात साधारण ५ सेंटीमीटर पाणी कायम साचून राहतं. ड्रेनेजच्या पाइपमधला वायू खोलीत येऊ न देणारं झाकण म्हणजे हे पाणीच. खोली काही आठवडे वापरात नसेल, वर एसीची कोरडी हवा असेल, तर ते पाणी उडून जातं आणि वायूला वाट मोकळी होते. उपाय असा: बेसिन आणि शॉवर दोन-दोन मिनिटं सोडा, जमिनीतल्या जाळीत ग्लासभर पाणी ओता, एक्झॉस्ट चालू ठेवून दार लावून घ्या. बहुतेक वेळा पाव तासात वास जातो. नाही गेला तर पाइपमध्येच दोष आहे, खोली बदलून मागा. लिफ्टशेजारच्या त्या खोलीत असा वास होता यात मला नवल वाटत नाही, कारण तशी खोली रिकामीच जास्त राहते.

इथेच एक सावधगिरी. रिकाम्या खोलीत नळाच्या आणि शॉवरच्या पाइपमधलं पाणी साचलेलं असतं, आणि साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर न्यूमोनियाची जी मोठी साथ आली, तिच्यावरून या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराला 'लीजनेअर्स डिसीज' हे नाव पडलं. घाबरायचं कारण नाही. पण खोली बंद राहिल्यासारखी वाटली तर शॉवर चालू करून लगेच त्याखाली उभे राहू नका. आधी गरम पाणी काही मिनिटं वाहू द्या आणि तेवढा वेळ बाथरूमच्या बाहेर थांबा, म्हणजे तुषार नाकातोंडात जाणार नाहीत.

एसी. भिंतीवरचा थर्मोस्टॅट दाबला, आकडा बदलला, पण हवेत फरक नाही, ही जगभरच्या हॉटेलांतली तक्रार आहे. आधी बाल्कनीचं दार किंवा खिडकी नीट लागली आहे का ते पाहा. अनेक ठिकाणी तिथे सेन्सर असतो आणि फट राहिली की एसी आपोआप बंद होतो. दुसरं कारण मोठं आहे. बऱ्याच इमारतींमध्ये एसीला पाण्याचे दोनच पाइप असतात, एक येणारा आणि एक जाणारा. म्हणजे एका वेळी पूर्ण इमारतीला एक तर थंड पाणी मिळतं, नाही तर गरम. ऋतू बदलत असताना इमारत 'हीटिंग'वर असेल, तर तुमच्या खोलीत थंड हवा येणं शक्यच नाही, थर्मोस्टॅटवर काहीही आकडा लावा. म्हणून रिसेप्शनला विचारायचा प्रश्न हा: "इमारत आत्ता कूलिंगवर आहे की हीटिंगवर?" उत्तर तुमच्या गरजेच्या उलट आलं तर खोली बदलून काही साधणार नाही. टेबल फॅन, हलकं पांघरूण किंवा उघडणारी खिडकी असलेली खोली मागा. उत्तर सुलट आलं तर बिघाड त्या खोलीचाच आहे, मग बदलून घ्या. रात्री अकरा वाजता मेंटेनन्सच्या माणसाची वाट पाहत बसू नका. तो येईल, फिल्टर काढेल, "बघा आता" म्हणेल, आणि तुमचा तास जाईल.

आवाज. हा माझ्या मते सगळ्यात गंभीर मुद्दा, आणि याच बाबतीत प्रवासी सगळ्यात जास्त सोसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपण्याच्या खोलीत सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आत हवा, आणि मधूनच होणारा एखादा आवाजही ४५ च्या वर जाऊ नये. आपटलेलं दार किंवा लिफ्टची घंटा भिंतीलगतच्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडते. एकसारख्या घरघरीची सवय होते, मधूनच होणाऱ्या आदळआपटीची होत नाही. त्यात अनोळखी जागेतली पहिली रात्र. झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये १९६० च्या दशकापासूनच लक्षात आलं होतं की नव्या जागी पहिल्या रात्री झोप सावध लागते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचं कारण दाखवलं: त्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धा भाग, त्यांच्या प्रयोगात डावा, दुसऱ्यापेक्षा जास्त जागा राहतो आणि अनोळखी आवाजाला लगेच प्रतिसाद देतो. दुसऱ्या रात्री हा फरक उरत नाही. तेव्हा "एवढ्याशा आवाजाने कशी झोप मोडते" असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. पहिल्या रात्री ती मोडतेच, तरुण आणि धडधाकट माणसाचीही.

याचा व्यवहारात अर्थ काय? महत्त्वाची बैठक दुसऱ्या सकाळी असेल तर पहिल्या रात्रीची खोली शांत असणं ही चैन नाही, तो कामाचा भाग आहे. जमत असेल तर एक दिवस आधी पोहोचा. त्याच गावी वारंवार जायचं असेल तर हॉटेल बदलत राहू नका. एकदा चांगली खोली मिळाली की तिचा नंबर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तोच नंबर मागा. रिसेप्शनला असे पाहुणे आवडतात, त्यांचं काम सोपं होतं.

खोलीत शिरल्यावर काय करायचं ते सांगतो. दिवे लावा, पण बॅग गादीवर टाकू नका. ती बाथरूममध्ये किंवा धातूच्या स्टँडवर ठेवा. उशीकडच्या बाजूने चादर उचलून गादीची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी बघा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग म्हणजे ढेकणांची खूण. पूर्ण वाढलेला ढेकूण ४-५ मिलिमीटरचा असतो, डोळ्याला दिसतो. एसी लावा, गरम पाणी सोडून बघा, दाराचं कुलूप आणि आतली कडी दोन्ही लागतात का तपासा, लॅपटॉपवर कामाची एखादी फाइल उघडून वायफाय बघा. मग सगळं बंद करून मिनिटभर निश्चल उभे राहा आणि ऐका. या मिनिटाला मी फार महत्त्व देतो. गडबडीत लिफ्टचा आवाज जाणवत नाही, दिवा मालवल्यावर जाणवतो. दहा मिनिटांत हे उरकतं, आणि तोवर तुम्ही खोली 'वापरलेली' नसते. वापरलेली खोली सोडलीत तर हाउसकीपिंगला ती पुन्हा लावावी लागते, आणि रात्री तो माणूसच नसतो. न वापरलेली खोली लगेच दुसऱ्याला देता येते, म्हणून बदलून देताना रिसेप्शनिस्ट कां-कू करत नाही.

बोलायची वेळही साधता येते. रात्रपाळीला माणसं मोजकी असतात आणि त्यांचे अधिकारही मोजके. बिलात सूट देणं सहसा त्यांच्या हातात नसतं, खोली बदलून देणं असतं. रात्री अकराच्या सुमारास कोण आलं आणि कोण येणार नाही, हे बरंचसं स्पष्ट झालेलं असतं. नो-शोच्या खोल्या हाताशी असतात. मध्यरात्रीनंतर कधीतरी नाइट ऑडिट सुरू होतं, दिवसाचा हिशोब बंद होतो, खोल्यांचं भाडं बिलावर चढतं, आणि त्या काळात सिस्टीममध्ये काही बदलणं किचकट होऊन बसतं. म्हणून अकराला बोला, दोनला नाही. फोनवर नको, किल्ली हातात घेऊन खाली जा. आवाज न चढवता म्हणा: "मी खोली वापरलेली नाही. लिफ्टचा आवाज आत येतोय आणि उद्या सकाळी माझं प्रेझेंटेशन आहे. नो-शो झालेल्यांपैकी याच प्रकारातली, कॉरिडॉरच्या टोकाची एखादी खोली द्याल का? नसेल तर वरच्या प्रकारातली चालेल का, हे ड्युटी मॅनेजरना विचारा." कारण, मागणी आणि पर्याय, तिन्ही त्यात आले. समोरच्याला "हो" म्हणायला सोपं जातं.

"ऑनलाइन वाईट रिव्ह्यू लिहीन" असं काउंटरवर मात्र म्हणू नका. धमकी ऐकली की माणूस स्वतःला वाचवायला बघतो, तुमची अडचण बाजूला राहते.

खोली मिळाली नाही तरी एक गोष्ट करून घ्याच: "ड्युटी मॅनेजरच्या लॉगबुकमध्ये वेळ घालून नोंद करा." हे लॉग सकाळच्या बैठकीत विभागप्रमुखांसमोर वाचलं जातं. नंतर हॉटेलच्या इमेलवर दोन ओळी टाका, फोटो असेल तर जोडा. तुम्हाला चेक-आउटला जे कोरडं उत्तर मिळालं त्याचं कारण इथे आहे. त्या क्षणी तुमच्यामागे रांग होती, समोरच्या स्क्रीनवर तुमच्या तक्रारीचा मागमूस नव्हता, आणि रात्रपाळीचा माणूस घरी गेलेला होता. सकाळच्या मुलाने किंवा मुलीने दुसरं काय म्हणायचं?

काही बाबतींत मात्र वाट बघू नका, हॉटेलच सोडा: दार आतून नीट लागत नाही, ढेकणांच्या खुणा दिसल्या, भिंतीवर ठळक बुरशी आहे आणि दुसरी खोली नाही. आधी ट्रॅव्हल डेस्कच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर फोन करा. बुकिंग वेबसाइटवरून असेल तर हॉटेल म्हणेल वेबसाइटला विचारा, वेबसाइट म्हणेल हॉटेलला विचारा. या चेंडूफळीतून सुटायचं तर निघण्यापूर्वी ड्युटी मॅनेजरकडून "पैसे न आकारता सोडायला आमची हरकत नाही" एवढं इमेलवर घ्या आणि त्यांच्या नावासह वेबसाइटला कळवा. तोंडी होकार सकाळपर्यंत टिकत नाही.

आता तुमच्या या वेळच्या प्रकरणाकडे. उशीर झालेला नाही. हॉटेलच्या जनरल मॅनेजरला पत्र लिहा, पानभरापेक्षा कमी. तारखा, बुकिंग नंबर, खोलीचा नंबर, काय घडलं, कोणाला कधी सांगितलं, काय उत्तर मिळालं. चेक-आउटपर्यंत बोललो नाही हेही स्पष्ट लिहा. लपवलंत तर ते आधी तेच शोधून काढतील. मागण्या दोनच ठेवा: एका रात्रीचं भाडं कंपनीच्या खात्यावर परत, आणि त्या खोलीचं ड्रेनेज व एसी तपासून लेखी उत्तर. हॉटेलने तुम्हाला वैयक्तिक पॉइंट किंवा मोफत मुक्काम देऊ केला तर घेण्यापूर्वी कंपनीला सांगा. बिल कंपनीचं आहे, आणि तिच्या पैशांतून आलेली भरपाई गुपचूप खिशात जाणं बरोबर नाही.

जाहीर रिव्ह्यू जरूर लिहा, पण घडलं तेवढंच. हॉटेलं ते वाचतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं होतं की ऑनलाइन गुणांकन एका टक्क्याने वाढलं तर उपलब्ध खोलीमागे मिळणारं उत्पन्न जवळपास १.४ टक्क्यांपर्यंत वाढतं. "भयंकर हॉटेल" याने पुढच्या प्रवाशाला काहीच कळत नाही. "लिफ्टशेजारच्या खोल्यांमध्ये रात्रभर आवाज येतो" याने कळतं, आणि हॉटेललाही कुठे हात घालायचा ते समजतं.

कंपनीचं "विषय संपला" हे उत्तर मला सगळ्यात खटकलं. प्रवासावर पाठवलेल्या माणसाची जबाबदारी संस्थेवर असते. २०२१ मध्ये प्रवासातल्या जोखमींबद्दल आयएसओ ३१०३० हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक आलं, आणि राहण्याची जागा कशी निवडावी हा विषय त्यातही आहे. ट्रॅव्हल डेस्क सहसा तारे आणि दर बघून हॉटेल निवडतं. पण ताऱ्यांची सगळ्या जगाला लागू अशी एकच पद्धत नाही. युरोपातल्या अनेक देशांनी २००९ पासून हॉटेलस्टार्स युनियनखाली समान निकष आणले, तरी बहुतांश गुण मिळतात ते सोयींना. लॉबी, लिफ्ट, खोलीतली तिजोरी हे मोजलं जातं. भिंत किती पातळ आहे हे ताऱ्यांवरून कळत नाही.

डेस्कला लिहिताना "हॉटेल आवडलं नाही" असं लिहू नका, ते आवडीनिवडीच्या खात्यात जातं. कामाचं काय नुकसान झालं ते लिहा: ज्या प्रेझेंटेशनसाठी पाठवलं, ते झोप न झालेल्या अवस्थेत द्यावं लागलं. त्या हॉटेलात राहून आलेल्या सहकाऱ्यांनाही विचारा. कंपन्यांचे हॉटेलांशी दर साधारण वर्षाला एकदा ठरतात, आणि त्या वाटाघाटीत एकट्याची तक्रार विरून जाते. तिघांच्या तक्रारी एकाच हॉटेलबद्दल असल्या की डेस्कला मुद्दा मिळतो. त्याच वेळी एक सवलत मागून घ्या: खोली राहण्यालायक नसेल तर रात्री परवानगीची वाट न पाहता, ठरलेल्या दराच्या आत, प्रवाशाने हॉटेल बदलावं आणि सकाळी कळवावं.

जनरल मॅनेजरकडून दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर त्याच पत्राची प्रत हॉटेलच्या सेल्स विभागात तुमच्या कंपनीचं खातं सांभाळणाऱ्या माणसाला पाठवा. त्याचं नाव ट्रॅव्हल डेस्ककडे असतंच. पुढच्या वर्षीचा करार टिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि माझ्या अनुभवात अडकलेली उत्तरं तिथूनच लवकर सुटतात.